वर्गात खेकडा पाळताना: मिरगापासून दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत

हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री प्राणी) वर्गात पाळता येईल का, असं विज्ञान शिकवणारे नवे शिक्षक अधूनमधून विचारतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात आणि हाँगकाँगमध्ये शाळकरी मुलं या प्राण्याची पिल्लं टाकीत वाढवून पुन्हा समुद्रात सोडतात. त्याचे व्हिडिओ बघितले की मोह होणं साहजिक आहे. आपण मात्र त्या वाटेला जाऊ नये. भारतात या प्राण्याच्या दोन जाती आहेत, त्याही ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर. दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे पकडणं, विकत घेणं, बाळगणं हा सगळा गुन्हा. शिवाय त्याला खारं पाणी लागतं आणि पूर्ण वाढ व्हायला जवळजवळ दहा वर्षं जातात. सातवीच्या मुलांनी आणलेला प्राणी ती मुलं कॉलेज संपवून आली तरी शाळेतच असायचा.

आणि त्याची गरज तरी काय? कवच टाकून वाढणं, तांब्यामुळे निळसर दिसणारं रक्त, तुटलेला पाय पुन्हा फुटणं, कल्ल्यांनी श्वास घेणं, हे सगळं आपल्या शिवारातल्या खेकड्यात आहे. तो आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या भाताच्या बांधात आहे, मलप्रभेच्या आणि मार्कंडेयाच्या काठाला आहे, पाणंदीतल्या ओहोळात आहे. हॉर्सशू क्रॅब हा नावापुरताच खेकडा, नात्याने तो कोळी-विंचवांच्या जवळचा. आपला खेकडा खराखुरा खेकडा आहे आणि तो फुकट मिळतो. हा लेख त्याच्यासाठी.

सुरुवातीलाच सांगतो, गावात चेष्टा होणार. "खेकडा काय पाळताय सर, रस्सा करायचा असतो त्याचा!" हे एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या, बैठकीत कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. ऑगस्टमध्ये तोच माणूस टाकीपुढे उभा राहून "आज कात टाकली काय ओ?" असं विचारतो.

आधी कॅलेंडर, मग टाकी

बहुतेक वर्गांतले खेकडे पाण्यामुळे किंवा खाण्यामुळे मरत नाहीत, सुट्टीमुळे मरतात. शाळा बंद, वर्गाला कुलूप, टाकीत काल घातलेलं अंडं सडतंय, असा तो प्रकार. म्हणून खेकडा वर्गात ठेवायचा काळ आधीच ठरवून टाका: जूनच्या शेवटापासून दसऱ्याच्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत. हा त्याचाही जागेपणाचा काळ आहे. उन्हाळ्यात तो बिळात खोल, ओलीपर्यंत जाऊन बसतो. मिरगाचा पाऊस पडला की बाहेर येतो आणि पावसाळाभर खातो, वाढतो, कात टाकतो. वर्षभर पाळायचा हट्ट धरू नका.

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात टाकी मांडा, खेकडा मात्र किमान तीन आठवड्यांनी आणा. मधल्या काळात टाकी पाणी घालून, खेकड्याशिवायच चालू ठेवायची आहे. रिकाम्या टाकीकडे तीन आठवडे बघत बसणं मुलांना अवघड जातं, शिक्षकांना त्याहून जास्त. पण हा काळ सोडून चालत नाही. त्याचं कारण पाण्याच्या भागात येईलच.

टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी काचेची टाकी एका मोठ्या खेकड्याला पुरते. वरच्या बाजूला गळणारी जुनी टाकीही चालेल, कारण आपल्याला ती काठोकाठ भरायचीच नाही. मासे पाळलेल्या माणसाची पहिली गफलत इथे होते: तो टाकी भरतो. आपला खेकडा अर्धा पाण्यातला, अर्धा जमिनीवरचा. त्याला हवेतूनही श्वास घेता येतो आणि बाहेर यायला जागा मिळाली नाही तर तो खोल पाण्यात थकतो.

नदीची वाळू आणा आणि पाणी नितळ दिसेपर्यंत बादलीत धुवा. गोव्याहून कुणी समुद्राची वाळू आणून दिली तरी ती वापरू नका, तिच्यात मीठ असतं. वाळू टाकीच्या एका टोकाला चार-पाच इंच आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक इंच, अशी उतरती पसरा. मग पाणी एवढं घाला की खोल बाजूला खेकड्याची पाठ बुडेल, म्हणजे साधारण तीन इंच. अशा टाकीत १० ते १२ लिटर पाणी बसतं. वर्गातल्या साध्या बाकावर ती ठेवता येते, भरलेल्या टाकीसारखं अर्धा क्विंटलचं ओझं होत नाही.

लपायला जागा हवीच, आणि ती पाण्यातही हवी, कोरड्यातही. खानापूर कौलांसाठी आणि मातीकामासाठी ओळखलं जातं, त्यामुळे फुटक्या कौलाचे तुकडे शाळेच्या आवारातच सापडतील. अर्धगोल कौल पालथं घातलं की उत्तम बीळ तयार. फुटक्या मडक्याचं तोंडही चालतं. तेलरंग लावलेल्या कुंडीचे तुकडे नकोत.

झाकण! यावर मी दोन वाक्यं जास्त खर्च करणार आहे. खेकडा काचेवर चढू शकत नाही हे खरं, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीवर, एअर पंपाच्या नळीवर आणि फिल्टरवर तो सहज चढतो, तेही रात्री, वर्गात कुणी नसताना. सकाळी तो कपाटामागे धुळीत सापडतो किंवा सापडतच नाही. लोखंडी जाळी लाकडी चौकटीत ठोकून घ्या, वर दोन विटा ठेवा आणि नळी जाते तिथली फट कापडाने बंद करा. पूर्ण काचेचं झाकण नको, आत हवा खेळली पाहिजे.

टाकी खिडकीत ठेवू नका. पावसाळ्यात उघडीप पडली की तासाभराचं थेट ऊन एवढंसं पाणी तापवायला पुरतं. आपल्या भागात जून ते ऑक्टोबर हीटरची गरज नाही, पंखा-कूलरचीही नाही. साधा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर एवढी दोनच यंत्रं विकत घ्या. वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही. मासे तडफडले असते, खेकडा वाळूवर येऊन बसतो.

पाणी

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा आणि मगच टाकीत घाला. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात. गावातल्या शाळेत विहिरीचं पाणी असलं तरी पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तेव्हा विचारून घ्या.

आता त्या तीन आठवड्यांबद्दल. खेकड्याच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो थोडासुद्धा साठला तर कल्ले जळतात. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे जिवाणू वाळूवर आणि स्पंजवर वसतात, पण त्यांची वस्ती वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आधी मांडायची. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाका, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. ओळखीच्या कुणाकडे चालू फिशटँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज मागून आणा, वेळ बराच वाचतो. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायच्या पट्ट्या मिळतात. पट्टीवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार. सहावी-सातवीची मुलं हे मोजमाप हौसेने करतात. तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये भिंतीवर लावा, म्हणजे शेजारच्या वर्गातली पोरंही येऊन वाचतील.

खेकडा आल्यावर दर आठवड्याला तीन लिटर पाणी मगाने काढायचं आणि तेवढंच मुरलेलं पाणी घालायचं. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर क्लोरीनने जिवाणूंची वस्ती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पाण्याचा कठीणपणा हा आपल्या जिल्ह्यात मजेशीर विषय आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा दगड आणि धो धो पाऊस, तिथलं पाणी मऊ असतं आणि त्यात चुना कमी. चिकोडी-अथणीकडे काळी माती, तिथलं विहिरीचं पाणी जड. खेकड्याचं कवच कॅल्शियमचं, त्यामुळे खानापूरकडच्या शाळांनी टाकीत कॅल्शियमची सोय करायला हवी. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, चुरून टाका. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा ठेवला तर खेकडा तो कुरतडताना दिसेलही. चिकोडीवाल्यांना याची एवढी फिकीर नको.

आता विषांची यादी. हा भाग छापून टाकीवर चिकटवला तरी चालेल.

तांबं: तांब्याच्या कळशीतलं, घागरीतलं पाणी टाकीत घालायचं नाही. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं, ती वापरायची नाहीत. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो, म्हणून अथणीकडे बागेतल्या चरीचं पाणी नको. ज्याच्या रक्तातच तांबं आहे त्या प्राण्याला पाण्यातलं तांबं मारतं, हे मुलांना ऐकायला फार आवडतं आणि त्यावर एक अख्खा तास जातो.

कीटकनाशक: खेकडा आणि कीटक दोघेही संधिपाद, जे झुरळाला मारतं ते खेकड्यालाही मारतं. वर्गात डासांची कॉइल, फवारा, झुरळाचा खडू, यातलं काहीही नको.

साबण आणि फिनेल: फरशी फिनेलने पुसणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा आणि टाकीची बादली-मग वेगळे ठेवून त्यावर रंगाने खूण करा.

खेकडा कुठून आणायचा

सगळ्यात सोपं म्हणजे मुलांच्या घरून. भाताची लावण सुरू झाली की खेकडे रोपं कातरतात आणि बांध पोखरतात, त्यामुळे शेतकरी खेकडा द्यायला आनंदाने तयार असतो. आपल्याकडे शेतात सापडणारा मोठा, तपकिरी-काळपट खेकडा बहुतेक वेळा बॅरिटेल्फुसा वंशातला असतो. वर्गासाठी पाठीची रुंदी तीन-चार सेंटिमीटर असलेला घ्या. मोठ्या नराचा डेंगा लहान मुलाचं बोट चांगलंच फोडतो.

बिळात हात घालायचा नाही. हे मुलांना दरडावून सांगा, कारण घरी वडील-काका घालतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. खेकड्याच्या रिकाम्या बिळात साप राहतात. संध्याकाळी किंवा पाऊस पडून गेल्यावर खेकडा आपणच बाहेर येतो, तेव्हा बॅटरीच्या उजेडात मोठ्या माणसाने धरायचा. ज्या शेतात फवारणी झाली आहे तिथला नको.

बाजारातूनही आणता येतो, पण तिथे दोन गोष्टी बघा. एक, बांधलेल्या खेकड्यांचे पाय बऱ्याचदा मोडलेले असतात. दोन, बेळगावच्या मासळी बाजारात गोवा-कारवारहून समुद्राच्या कुर्ल्याही येतात, त्या गोड्या पाण्यात जगणार नाहीत. ओळख सोपी आहे: समुद्रात पोहणाऱ्या कुर्लीचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो, शिवारातल्या खेकड्याचे सगळे पाय टोकदार.

जांभ्याच्या कातळातल्या भोकांत किंवा झाडाच्या ढोलीत राहणारे जांभळे, केशरी, पांढरे असे रंगीत छोटे खेकडे दिसले तर फोटो काढा आणि पुढे चला. सह्याद्रीत घाटियाना वंशाच्या नव्या जाती अजूनही सापडताहेत. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या यल्लापूरची पांढरी-जांभळी जात २०२२ मध्ये शास्त्राला माहीत झाली. असे खेकडे अगदी छोट्या टापूत असतात, त्यांना टाकीत आणणं बरं नव्हे. भीमगड अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून तर काहीही उचलायचं नाही, पाचोळासुद्धा.

आणताना बादलीत पाणी भरू नका. ओला पाचोळा किंवा ओलं गोणपाट घाला, त्यात खेकडा ठेवा, वर भोकं पाडलेलं झाकण. थोड्याशा पाण्यातला प्राणवायू लगेच संपतो, ओल्या गोणपाटात तो मजेत राहतो. कुठून आणला ती जागा वहीत लिहून ठेवा: गाव, शेताचं नाव, ओढ्याची कुठली बाजू. सोडताना हीच जागा लागणार आहे.

टाकीत एकच मोठा खेकडा. दोन ठेवले की एक उरतो. अगदी दोन सेंटिमीटरचे असतील तर तीन चालतात, पण तीन वेगळी बिळं द्या.

पहिला आठवडा, धरणं आणि खाणं

टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावा. दोन-तीन दिवस तो खाणार नाही, कौलाखालून हलणार नाही, आणि मुलं "मेला वाटतं" म्हणत राहतील. मेलेला नाही. काच वाजवू देऊ नका.

नर की मादी हे पोटाखालच्या झडपेवरून कळतं. नराची झडप अरुंद, त्रिकोणी. मादीची रुंद, गोल, जवळजवळ सगळं पोट झाकणारी. बघायला खेकडा धरावा लागेल, तो मागच्या बाजूने धरायचा: अंगठा एका कडेला, बोटं दुसऱ्या कडेला, नांग्यांच्या मागे. बोट पकडलंच तर ओढू नका. हात पाण्यात किंवा जमिनीला टेकवा, खेकडा सोडून देतो. ओढलं तर तो नांगीच अंगापासून तोडून टाकेल. हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा नियम. खेकड्यांत फुप्फुसाचे परजीवी कृमी असू शकतात. ते कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यातून माणसात येतात, तेव्हा पोरांना शेतात खेकडा नुसता भाजून खायची सवय असेल तर तो नीट शिजवायला हवा, हेही याच तासाला सांगून टाका.

खायला आठवड्यातून तीन वेळा, संध्याकाळी शाळा सुटताना. खेकडा रात्री खातो. काकडी, गाजर, उकडलेला वाटाणा, गांडूळ, मीठ धुऊन काढलेली सुकट, शाळेत मिळणाऱ्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग नखाएवढा. बिसिऊटातलं (शाळेतल्या दुपारच्या जेवणातलं) सांबार-भात नको, तिखट-मीठ-तेलाने पाणी खराब होतं. टाकीत वडाची किंवा फणसाची सुकलेली पानं कायम असू द्या. ती कुजत जातात तशी तो ती खातो, आणि शनिवार-रविवार त्यावर सहज निघतात. सोमवारसाठी म्हणून शुक्रवारी जास्त घालणं, ही सगळ्यात वाईट सवय. उरलेलं सकाळी चिमट्याने काढायचं, हे पाळी लावून एका मुलाचं काम.

खेकडा दिवसभर पाण्याबाहेरच बसत असेल, तोंडाला सारखा फेस येत असेल, पाण्याला वास येत असेल, तर पट्टीने अमोनिया तपासा आणि लगेच तीन-चार लिटर पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला. औषध घालू नका.

कात

यासाठीच तर सगळा खटाटोप. खेकड्याचं कवच वाढत नाही, म्हणून तो वाढायचा असला की कवचच टाकतो. आठवडाभर आधीपासून खाणं कमी होतं, रंग मळकट दिसतो, तो बिळातून बाहेर येत नाही. या दिवसांत टाकीला हात लावायचा नाही, पाणी बदलायचं असेल तर दुसऱ्या टोकाकडून हळूच. मग एका रात्री पाठीमागची शिवण उघडते आणि आतला खेकडा मागे सरकत बाहेर येतो, डोळ्यांवरचं, नांग्यांवरचं, कल्ल्यांवरचंही अस्तर मागे टाकून.

सकाळी वर्गात रडारड होते, कारण टाकीत एक निश्चल खेकडा दिसतो. घाबरू नका, चिमट्याने उचलून बघा. हलका असेल, मागे फाकलेला असेल, डोळे काचेसारखे रिकामे असतील तर ती कात. जड असेल, पाय लोंबत असतील आणि वास येत असेल तर तो मेला. खरा खेकडा कौलाखाली असतो, मऊ. त्याला दोन-तीन दिवस हात लावू नका, खाऊ घालू नका. टाकीत दुसरा खेकडा असेल तर तो या दिवसांतच पहिल्याला खातो. दोन ठेवू नका म्हणतो ते याच कारणाने.

कात लगेच काढून घ्यायचा मोह आवरा. खेकडा तिचा बराच भाग खातो, त्यातून कॅल्शियम परत मिळतं. दोन दिवसांनी जे उरेल ते घ्या. पाठीचा भाग बहुधा उरतो. तो वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवा, खाली तारीख आणि रुंदी लिहा.

रुंदी रोज मोजण्यात अर्थ नाही. दोन कातींच्या मध्ये कवच तसूभरही वाढत नाही. आलेख काढला तर रेघ आडवी जाते, मग एकदम वर उडी घेते, पुन्हा आडवी. आठवीच्या मुलांना हा आलेख मिळाला की "वाढ" हा शब्द त्यांना नव्याने कळतो. रोपाच्या उंचीचा आलेख शेजारी लावलात तर आणखी बरं. आणताना खेकड्याचा पाय तुटलेला असेल तर त्या जागी आधी छोटा कोंब दिसेल आणि पुढच्या कातीला पातळ, लहानसा पाय. तो पूर्ण मापाचा व्हायला आणखी एक-दोन काती लागतात. आपल्या तीन-साडेतीन महिन्यांत तेवढ्या होतीलच असं नाही, मोठा खेकडा क्वचित कात टाकतो. म्हणूनच लहान खेकडा घ्या म्हटलं.

पोटाखाली पिल्लं निघाली तर

उन्हाळा संपता-संपता आणि पावसाच्या सुरुवातीला धरलेल्या मादीच्या झडपेखाली कधीकधी अंडी किंवा पिल्लं असतात. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं आधी अळी होऊन पाण्यात तरंगतात, त्यांना टाकीत वाढवणं तज्ज्ञांचं काम. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. अंडी मोठी, संख्येने कमी, आणि त्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो, दहा पायांचा, नांग्यांसकट. पुढे काही दिवस ती आईच्या झडपेखालीच राहतात. "सर, पिल्लं बघा की!" हे ओरडणं तुमच्या नशिबात असेल तर पुढची तयारी हवी.

मादीला त्रास देऊ नका, उलटी करून दाखवू नका. पिल्लं आपणच बाहेर पडू लागली की दोन दिवसांत मादीला तिच्या जागी नेऊन सोडा. तोवर खाली पडलेली पिल्लं तिच्यासोबत ठेवण्यात धोका आहे. दहा-बारा पिल्लं ठेवा, बाकीची तिच्याबरोबर त्याच ओढ्यात सोडा. सगळी ठेवली तर महिन्याभरात त्यातली जाडजूड दोन-तीनच उरतील, कारण ती एकमेकांना खातात.

दहा-बाराही एकत्र नकोत. कुंद्याच्या (बेळगावच्या मिठाईच्या) प्लास्टिकच्या डब्या प्रत्येक घरात पडून असतात. त्या साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा, झाकणाला सुईने भोकं पाडा, तळाला चिमूटभर वाळू, एक खडा, एक कुजकं पान आणि सेंटिमीटरभर पाणी. प्रत्येक डबीत एक पिल्लू, डबीवर मुलाचं नाव. पाणी मोठ्या टाकीतलंच वापरायचं आणि एक दिवसाआड बदलायचं. डबीत फिल्टर नाही, त्यामुळे इथे सगळं पाणी बदललं तरी चालतं. खायला रोज दाण्याएवढं: उकडलेल्या वाटाण्याचा गर, सुकटीची पूड, कुजक्या पानावरचा बुळबुळीत थर तर त्यांचं आवडतं. पिल्लं मोठ्यांपेक्षा खूप लवकर-लवकर कात टाकतात, त्यामुळे ज्याला आलेख हवा आहे त्याने पिल्लांचाच काढावा. मोजायला आलेख-कागदावर डबी ठेवून वरून मोबाइलने फोटो घ्या, हातात धरू नका.

काही पिल्लं मरतील. हे मुलांना आधी सांगा, नंतर नाही. ओढ्यात याहून जास्त मरतात: मासे, बगळे, दिवड, बेडूक, सगळे खातात. ज्याचं पिल्लू गेलं त्याला दुसऱ्याच्या डबीची नोंद ठेवायचं काम द्या. नवीन पिल्लू आणून देऊ नका.

परत सोडताना

दसऱ्याच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा. वहीतली जागा काढा आणि तिथेच सोडा, मोठा खेकडाही आणि पिल्लंही. शाळेमागच्या ओढ्यात सोडणं सोयीचं वाटतं, पण एका ओढ्याचा रोग दुसऱ्यात जायला एक खेकडा पुरतो, आणि शेजारच्या खोऱ्यातली जात वेगळीही असू शकते. मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि तिच्या उगमापासून जवळच असलेलं म्हादईचं खोरं पश्चिमेला गोव्याकडे उतरतं. एका तालुक्यात राहूनही ही दोन पाणी कधी एकत्र येत नाहीत. बाजारातून आणलेला खेकडा, ज्याचं गाव माहीत नाही, तो सोडायचा नाही. तो पुढच्या शाळेला द्या किंवा घरी न्यायला तयार असलेल्या शिक्षकाकडे ठेवा. म्हणूनच शेतातला खेकडा बरा.

संध्याकाळी सोडा, दुपारच्या उन्हात नाही. बादली काठाला आडवी करा आणि त्याला आपणहून जाऊ द्या. पिल्लं पानांच्या गठ्ठ्यात, दगडांच्या आडोशाला, प्रवाह मंद असेल तिथे.

टाकी दुसऱ्याच दिवशी आवरा, नाहीतर ती नोव्हेंबरपर्यंत तशीच हिरवी होऊन पडते. जुनं पाणी झाडांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना चांगलं. वाळू धुऊन उन्हात कडक वाळवा आणि पोत्यात भरा. काच मीठ-पाण्याने घासून स्वच्छ पाण्याने धुवा, साबणाला इथेही मज्जाव. कौलाचे तुकडे उन्हात. स्पंज वाळला की त्यातले जिवाणू मरतात, त्यामुळे ओळखीत कुणाचा फिशटँक चालू असेल तर स्पंज त्यांच्या टाकीत टाकून ठेवा आणि जूनमध्ये परत मागून घ्या. पुढच्या वर्षी तीन आठवड्यांची वाट आठवड्यावर येते.